सिरियलच्या नायिकेला घाम काहून येत नाही? (युंग, आदिबंध आणि विदर्भाच्या पोरी)

पऱ्हाटी | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, धागा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी सुरू आहे. आठवडाभर मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. रविवारी बाया कमी पडल्या की कमरेला ओटी बांधून मीही पात धरते. वेचणीत हात चालतो तसं तोंडही चालतं, आणि तोंडाला विषय असतो आदल्या रात्रीच्या सिरियलचा. परवाच्या भागात गोदामाला आग लागली होती आणि नायिकेनं आत घुसून सासऱ्याला ओढून बाहेर काढलं. बायांना सगळं मान्य होतं. आग मान्य, सासऱ्याचं वजन मान्य, फायर ब्रिगेड न येणंही मान्य. शेजारच्या पातीवरची मावशी मात्र बोंड खुडता खुडता म्हणाली, "मले येकच समजत नाई. इतकं झालं, तरी हिले घाम काहून येत नाई?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मग दिवसभर तेच डोक्यात फिरत राहिलं, कारण वर्गात नेमका युंग सुरू आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कार्ल गुस्ताव युंग (१८७५–१९६१), स्विस मानसोपचारतज्ज्ञ. आधी फ्रॉईडचा (मनोविश्लेषणाचा जनक) लाडका, मग १९१३च्या आसपास कायमची फारकत. त्याचं म्हणणं असं की प्रत्येकाच्या खासगी नेणिवेखाली (मनाचा आपल्यालाच न कळणारा भाग) आणखी एक सामायिक नेणीव असते आणि तिच्यात काही जुने साचे असतात: माता, म्हातारा ज्ञानी, खोड्या काढणारा, नायक. हे आदिबंध. साचा म्हणजे तयार चित्र नव्हे. युंगनं स्वतः एके ठिकाणी कोरड्या नदीपात्राची उपमा दिली आहे. पाणी आटतं, पात्र राहतं, आणि पाणी परत आलं की जुन्याच वाटेनं धावतं. ज्यांच्या गावचा नाला आठ महिने कोरडा असतो त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

नायक म्हणजे काय? आईच्या पदराखालून, नेणिवेच्या अंधारातून सुटून स्वतःच्या पायावर उभा राहू पाहणारा 'मी'. त्यानं मारायचा राक्षस बाहेर कमी, आत जास्त. आणि आतली सगळ्यात अवघड गाठ पडते ती सावलीशी. आपल्यातलं जे आपल्याला आवडत नाही, जे आपण 'मी तसा नाहीच' म्हणून मागे ढकलतो, त्याला युंग सावली म्हणतो. राग, हाव, मत्सर, आणि बाईच्या बाबतीत बऱ्याचदा नुसती महत्त्वाकांक्षासुद्धा.

आता सिरियल बघा. नायिकेची सावली तिच्या अंगावरून सोलून काढतात आणि दुसरी साडी नेसवून घरात मोकळी सोडतात. तिला आपण खलनायिका म्हणतो. राग तिला, डाव तिला, हिशेब तिला, आरशात स्वतःकडे बघून हसायची मुभा तिला. नायिकेकडे काय उरतं? तुळस, डोळ्यांतलं पाणी आणि सहनशक्ती. अशी नायिका १००० भाग चालते, पण कुठे पोचत नाही, कारण जिच्याशी गाठ घ्यायची तीच तिच्यापासून तोडून ठेवलेली असते.

आणि इथे मला आपली दमयंती आठवली. विदर्भाची. महाभारताच्या वनपर्वात तिचं स्वयंवर आहे. इंद्र, अग्नी, वरुण, यम असे चौघे देव नलाचंच रूप घेऊन बसलेले. समोर पाच नल. ही ओळखते कशी? देवांना घाम नाही. पापणी लवत नाही. हारातलं फूल सुकत नाही. पाय जमिनीला टेकत नाहीत. त्यांची सावली पडत नाही. आणि खरा नल धुळीनं-घामानं माखलेला, हार कोमेजलेला, पाय भुईवर, सोबत सावली.

मावशीनं आमच्या पऱ्हाटीत उभं राहून तीच परीक्षा घेतली. सिरियलची नायिका झोपेतून उठते तेव्हा गजरा ताजा असतो. दमयंतीनं तिला देवांच्या रांगेत बसवून पुढची वाट धरली असती.

तर प्रश्न: तुम्ही पाहिलेली अशी कोणती नायिका, जिला सावली होती?

---

झणझणीत_सावजी | रात्री १०:०५

पहिला! वाखू (वाचनखूण) साठवली.

माझं मत 'माझ्या नवऱ्याची बायको'मधल्या राधिकेला. आमच्या नागपूरची म्हणून नाही (थोडं म्हणूनही). सुरुवातीला तीही तशीच होती, डबा भरून देणारी. नवऱ्याचं प्रकरण कळलं तेव्हा रडून झालं, आणि मग ती डाव खेळायला लागली. नवऱ्याला, म्हणजे गुरुनाथला पुरून उरायला शिकली, मसाल्याचा धंदा काढला, कंपनीची मालकीण झाली. ताई तुमच्या भाषेत सांगायचं तर शनायाकडची (नवऱ्याची ती दुसरी) थोडी हाव अन् थोडी हुशारी तिनं उसनी घेतली. तेव्हाच आमच्या घरी आईनं रिमोट दुसऱ्याच्या हातात देणं बंद केलं.

तिची नागपुरी ऐकून मात्र बाबा रोज टीव्हीशी भांडायचे. असो.

---

शंकासुर | रात्री १०:३१

लेख छान, दमयंतीचा भाग तर फारच. पण मला विरजण घालायचंच आहे.

१. आदिबंध खोटा ठरेल अशी एक तरी परिस्थिती सांगा. बाई लढली तर नायक, रडली तर माता, हसली तर खोडकर. चौकटीत काहीच बसत नाही असं होतच नाही, म्हणजे ही चौकट नाही, पोतं आहे.

२. नायिकेला घाम येत नाही कारण मेकअप उतरला की सीन पुन्हा लावावा लागतो. हप्त्याला सहा भाग द्यायचे असतात हो. खलनायिका एकटी असते कारण दोन माणसांत गुंतागुंत लिहायला वेळ लागतो. लेखकाच्या मुदतीला सामूहिक नेणीव कशाला म्हणायचं?

---

पऱ्हाटी | रात्री १०:५८

@शंकासुर, पहिल्या मुद्द्यावर हात वर. शास्त्र म्हणून युंगची बाजू लंगडी आहे, वर्गातही मी तसंच सांगते. आणखी एक गोष्ट तुम्ही विसरलात, तीही मीच सांगते. बाईच्या आत दडलेल्या पुरुषतत्त्वाला त्यानं 'अॅनिमस' नाव दिलं, आणि त्याच्या ताब्यात गेलेली बाई म्हणजे हट्टी, वाद घालणारी, मतांची पिंक टाकणारी, असं वर्णन केलं. म्हणजे बाईनं मुद्दा मांडला की ती आजारी. सिरियलवाल्यांनी युंग वाचला नसेल, पण हे कलम त्यांना तोंडपाठ दिसतं. जी तर्कानं बोलते तिच्या एंट्रीला ढॅण्ण वाजतं.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र थांबा. घाईत लिहिणारा माणूस काय करतो? नवीन वाट शोधत नाही, जुन्या पात्रातून वाहतो. मुदत हेच त्या नदीपात्राचं पाणी आहे.

आणि नायकाबद्दल एक राहिलं होतं. १८ डिसेंबर १९१३ ला युंगला स्वप्न पडलं. एका अनोळखी, सावळ्या माणसाबरोबर तो डोंगरात दबा धरून बसलाय, जर्मन पुराणातला वीर सिगफ्रिड वरून येतो आणि हे दोघे त्याला गोळी घालतात. जाग आली तेव्हा तो पार हादरलेला. पुढे त्यानं अर्थ लावला तो असा: 'मी म्हणेन तसंच होईल' असं म्हणणारा आतला वीर मरायला हवा होता. म्हणजे नायक हा टप्पा आहे, मुक्काम नाही. चॅनेलला हे परवडेल का? सिगफ्रिड मेला की टीआरपी मेली. मग अपघात घडवायचा, स्मृती घालवायची आणि प्लॅस्टिक सर्जरी करून परत आणायचं.

---

अकोल्याचा_पाहुणा | पहाटे ३:१२ (तुमची पहाट, आमची संध्याकाळ)

इकडे १९९७ ते २००३ 'बफी' नावाची मालिका चालली. शाळकरी पोरगी रात्री स्मशानात रक्तपिपासू भुतं मारते आणि सकाळी गणिताच्या तासाला जांभया देते. तिच्यावर इकडच्या विद्यापीठांत ढिगानं लिहिलं गेलं, बरंचसं युंगच्या चष्म्यातून. तिच्यासारखीच दुसरी एक पोरगी त्यात येते, तेवढीच ताकदवान पण बेलगाम. ती म्हणजे हिची सावली, आणि बफी तिच्याशी लढतेही आणि तिच्यासारखं वागायची चवही घेते. आपल्याकडे नेमकं हेच होत नाही.

नायकाच्या प्रवासाचा नकाशा ज्यानं लोकप्रिय केला त्या जोसेफ कॅम्बेलचं पुस्तक १९४९चं. घर सोडणं, उंबरठा, परीक्षा, वरदान, परतणं. पुढे त्याची विद्यार्थिनी मॉरीन मर्डॉक त्याला विचारायला गेली की बायकांचं काय. तो म्हणाला, बाईला प्रवासाची गरजच नाही, लोक जिथे पोचायला धडपडतात ती जागा ती स्वतःच आहे, अशा अर्थाचं काहीतरी. मर्डॉकबाईंना ते पटलं नाही. १९९०मध्ये त्यांनी नायिकेच्या प्रवासाचं वेगळं पुस्तक लिहिलं. त्यात बाई आधी आईचं जग नाकारते, बापाच्या जगात जिंकते, मग आतून कोरडी पडते आणि खाली, अंधारात उतरते.

अवांतर: युंग १९३७-३८च्या हिवाळ्यात भारतात आला होता, सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवाला. कलकत्त्यात आमांश होऊन दवाखान्यात पडला. आपल्याकडे आलेल्या पाहुण्याचा पहिला आदिबंध तोच.

---

बयाड_पोट्टा | सकाळी ७:२०

थांबा बाप्पा. म्हंजे त्या सायबाच्या मतानं बाई म्हंजे यष्टी स्टँड? सारे लोकं येतीन, जातीन, अन् स्टँडनं कुठीच जायाचं नाई?

---

झणझणीत_सावजी | सकाळी ७:२६

😂😂 धागा इथेच संपवा. याच्या वर काही होणार नाही.

---

भुलाबाईची_मैत्रीण | सकाळी ११:४५

संपवू नका, मला लिहायचंय. वय ६८, टायपायला वेळ लागतो.

कोजागिरी आत्ताच झाली. आमच्या गल्लीत यंदा भुलाबाई (भोंडल्यासारखाच आमच्याकडचा पोरींच्या गाण्यांचा सण) बसवली होती, चारच पोरी आल्या, बाकी आम्ही म्हाताऱ्या. गाणी म्हणताना माझ्या लक्षात आलं की सिरियलची खरी आई ही गाणी आहेत. कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर. पेरलं. वेल येऊ दे. आला. फूल येऊ दे. आलं. कारलं लागू दे, भाजी कर, मग जा. नाही म्हणायचंच नाही, फक्त अट वाढवत जायचं. शेवटी फणी येते, वेणी घातली जाते आणि राणी माहेरी जाते. हजार भागांची सिरियल आमच्या आज्यांनी एका गाण्यात बसवली होती, आणि ती संपायचीसुद्धा.

तरुणपणी नागपूरला नोकरीत असताना वाचनालयातून युंगच्या एका शिष्याचं, एरिक नॉयमानचं पुस्तक आणलं होतं. १९५२चं, सायकी नावाची पोरगी आणि तिचा नवरा, प्रेमाचा देव एरॉस यांच्या गोष्टीवर. गोष्ट जुनी, रोमन लेखक अप्युलियसनं दुसऱ्या शतकात सांगितलेली. सायकीला सासू कोण मिळते? प्रत्यक्ष सौंदर्याची देवी व्हीनस! आणि सासू पहिलं काम काय देते? गहू, जव, खसखस, हरभरा, मसूर असा सगळ्या धान्यांचा मिसळलेला ढीग, संध्याकाळपर्यंत निवडून ठेव. मी वाचता वाचता थांबले. सुपात तूर पाखडत आयुष्य गेलेली माझी सासू समोर बसली होती. तिला गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मंग? निवडलं का?" म्हटलं, मुंग्यांनी मदत केली. म्हणाली, "मुंग्या निवडत नाईत, घेऊन जातेत."

पण मुद्दा चौथ्या कामाचा आहे. सायकीला पाताळात जाऊन डबी आणायची असते. वाटेत लंगड्या गाढवाचा लंगडा मालक म्हणेल, पडलेल्या काटक्या उचलून दे. नदीत तरंगणारं म्हाताऱ्याचं प्रेत म्हणेल, मला नावेत घे. कापड विणणाऱ्या बाया म्हणतील, जरा हात लाव. तिला आधीच सांगून ठेवलेलं असतं: कोणालाही मदत करायची नाही. थांबलीस तर गेलीस. आणि पाताळाच्या राणीनं पंचपक्वान्नांचं ताट मांडलं तरी मऊ आसनावर बसायचं नाही. भुईवर बसून जाडीभरडी भाकर मागायची, ती खायची आणि निघायचं.

नॉयमान म्हणतो, बाईसाठी सगळ्यात अवघड काम हेच, दया आवरणं. पुरुष नायकाला तलवार उचलावी लागते, हिला हात मागे घ्यावा लागतो. आता तुमच्या सिरियलची नायिका डोळ्यांसमोर आणा. काटक्या ती उचलते, प्रेत नावेत घेते, कापडही विणून देते, आणि वर म्हणते, "आई, अजून काही राहिलं का?"

---

तुराटी | दुपारी २:१५

काकू, तुमची ती भुईवरची भाकर वाचून वहिनी आठवली. मी धाग्यांवर लिहीत नाही, वाचतो फक्त. आज लिहितो.

दादा गेला. कसा गेला ते इथं लिहीत नाही, वऱ्हाडातल्या माणसाला विचारावं लागत नाही. सात एकर कोरडवाहू, त्यावर कर्ज. सातबाऱ्यावर वहिनीचं आणि पोरांचं नाव चढवायला एका कार्यालयात ११ चकरा झाल्या. साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगात, साहेब जेवायला. मी म्हटलं मी जातो. नको म्हणाली. बाराव्या चकरेला ती डबा घेऊन गेली. साहेबाच्या दारासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात, भुईवर बसली आणि ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा असं सावकाश जेवली. शिपाई उठ म्हणाला तर म्हणाली, "साहेबाचं झालं, माझं होऊ द्या." दोन वाजता सही झाली.

तीच वहिनी रात्री 'आई कुठे काय करते' बघताना अरुंधतीसाठी रडायची. पंचवीस वर्षांचा संसार मोडून ती गाण्याकडे वळली तेव्हा वहिनीनं टाळी वाजवली होती. पण एकदा मला म्हणाली, "भाऊजी, ह्या सिरियलमधल्या कोणत्याच बाईचं वावर काहून नसते?"

माझं मत १९८९च्या 'उडान'ला. आमच्या गावात तेव्हा दोन टीव्ही. कल्याणी सिंग पोलीस अधिकारी होते, आणि त्याची सुरुवातच घरच्या जमिनीच्या भांडणातून होते. कविता चौधरींनी स्वतः लिहिली, स्वतः काम केलं, आपल्या सख्ख्या बहिणीवरून. ती बहीण कांचन चौधरी भट्टाचार्य, पुढे २००४मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशातल्या पहिल्या महिला महासंचालक. त्या कल्याणीला घाम यायचा. मला आठवते.

---

पऱ्हाटी | दुपारी ३:०२

@तुराटी, वहिनींना माझा नमस्कार सांगा. यावर मला आत्ता काही लिहिता येत नाही.

---

शंकासुर | दुपारी ३:४०

तुराटीभाऊ, सलाम. पण म्हणूनच माझा मुद्दा पुन्हा. वहिनींच्या त्या जेवणाला सायकीची भाकर म्हटलं की ते सुंदर होतं, पण ११ चकरा का माराव्या लागल्या हा प्रश्न बाजूला पडतो. राक्षस 'आत' नव्हता. टेबलामागे होता, जेवून आलेला.

---

भुलाबाईची_मैत्रीण | दुपारी ४:१०

हे बरोबर बोललास बाळा. युंगची मंडळी आत बघता बघता बाहेरचं दार लावून घेतात खरी.

---

बयाड_पोट्टा | दुपारी ४:३२

अवांतर: सोयाबीन कोनी इकलं का? वला हाय म्हून निरा पाडून मांगून रायले.

---

पऱ्हाटी | मंगळवार, रात्री ८:५०

अवांतराला उत्तर: आमचं घरातच पडलंय, वाळवतोय.

आज सकाळी मावशीला मुद्दाम गाठलं. घामाचं विचारणारी, तीच. म्हटलं मावशी, खरं सांगा, तुम्हाला नायिका आवडते की ती दुसरी, डाव टाकणारी? ती आधी इकडेतिकडे बघून घेते, मग म्हणते, "ते दुसरी." मी आत युंग घेऊन तयारच होते. आता ही म्हणेल तिच्यात हिंमत आहे, ती मनातलं बोलते, वगैरे, आणि माझा सिद्धांत सिद्ध. म्हटलं काहून?

मावशी म्हणाली, "तिले भूक लागली का ते खाते. हे दुसरी निस्ती वाढते. दोन वर्सं झाले पाहून रायली, हिनं घास तोंडात घातलेला मले दिसला नाई."

सावली, मुखवटा, आदिबंध, सगळं घेऊन मी गप बसले. स्वतः सकाळी नवऱ्याचा आणि पोरांचा डबा भरून चहावर निघाले होते, तेही तेव्हाच आठवलं.

---

झणझणीत_सावजी | रात्री ९:०१

हे खरं आहे का? मी आता आठवून पाहतोय. राधिका खायची का? खिलवायची हे पक्कं आठवतं.

---

अकोल्याचा_पाहुणा | रात्री ९:१५

बफी खायची. दह्याच्या डब्यातून चमच्यानं, उभ्यानं... निदान मला तसं आठवायला आवडेल.

---

शंकासुर | रात्री ९:२०

शेवटी मोजता येईल असं एक विधान या धाग्यावर आलं. मावशींची सिरियल कोणती ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. उद्या वही घेऊन बसतो.

---

शंकासुर | बुधवार, रात्री ८:३४

बसलो. बायको शेजारी पंच म्हणून.

नायिका: वाढलं ५ वेळा. पदरानं ताट पुसलं १ वेळा. "मला भूक नाही" २ वेळा. घास शून्य.

खलनायिका: सफरचंद एक, चाकूनं कापून, चाकू कॅमेऱ्याकडे रोखून. कॉफी अर्धा कप, उरलेली बेसिनमध्ये.

घाम: दोघींनाही नाही.